अँटेनाचं तोंड नागपूरकडे

आम्ही रायपूरजवळ, बीरगांवच्याही पुढे, थेट धानाच्या शेतांना लागून घर बांधलं, कारण राजधानी आमच्या दारातून जाणार होती.

असं मला प्लॉट दाखवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. छत्तीसगड नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि ज्याला त्याला वाटायला लागलं की मंत्रालय आपल्याच परसात येणार. "भैया, देखते रहना, यहाँ बँगले ही बँगले होंगे," असं म्हणून त्याने हाताने शेतांवरून एक मोठा अर्धगोल काढला. मी जवळच्याच उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलच्या ऑफिसात कारकून. मला बंगले लगेच दिसले! पुढे राजधानी वाढायला लागली ती नेमकी उलट्या बाजूला. आमच्या वाट्याला कारखान्यांची धूळ, दिवसभर धडधडणारे ट्रक आणि बेडकांनी भरलेलं एक डबकं आलं. केबलवाला तर आमचा पत्ता ऐकूनच हसला. तेव्हा टीव्ही पाहायचा असेल, तर छतावर अँटेना लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अँटेना होता. तोच तर घोळ होता. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विदर्भातून नोकरीसाठी आलेली थोडी मराठी घरं होती, आणि ती ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नसे. छताकडे पाहिलं की पुरे. सगळ्या गावाचे अँटेना रायपूरच्या टॉवरकडे तोंड करून उभे, आणि आमचे तेवढे नागपूरकडे! मराठी कार्यक्रम यायचे तर नागपूरकडूनच येणार, यात कुणाला शंका नव्हती. नागपूर रेल्वेने अर्ध्या दिवसावर आहे, एवढ्या लांबून चित्र येत नसतं, असं कुणी म्हटलं की प्रत्येक घर आपापला दाखला पुढे करी. कधीतरी हवा एकदम साफ होती आणि घटकाभर नागपूर दिसलं होतं! कुणाला मराठी बातम्या दिसल्या होत्या, कुणाला कीर्तन. मलाही दिसलं होतं. (काय दिसलं ते विचारू नका. पडद्यावर एक काळी टोपी हलत होती. ती टोपी मराठीच होती, याची मला आजही खात्री आहे.)

नागपूर काही पुन्हा आलं नाही. रायपूरचं चित्र मात्र बाजूने, मागून, जमेल तसं घरात घुसायचं आणि पडद्यावर प्रत्येक माणसाच्या मागे त्याची आणखी दोन भुतं उभी करायचं. वर मुंग्या. उरल्याची एखादी भट्टी जोरात लागली की आडव्या रेघा. आम्हाला याची सवय झाली होती. आमची मुलगी मयूरी तर एकदा शेजारच्या साहूजींकडे टीव्ही पाहून आली आणि म्हणाली, "बाबा, उनके यहाँ सब लोग अकेले-अकेले दिखते हैं!"

हे असंच चाललं असतं. पण राज्याच्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम आला आणि त्यात मयूरीच्या शाळेचा सुआ नाच निवडला गेला. सुआ म्हणजे पोपट. टोपलीत मातीचा पोपट ठेवायचा आणि टाळ्या वाजवत, गाणं म्हणत नाचायचं, असा हा इथल्या बायकांचा दिवाळीच्या दिवसांतला नाच. कार्यक्रम रायपूरच्या मैदानावर होणार होता आणि टीव्हीवर दिसणार होता. मयूरीने बूथवरून थेट हिंगणघाटला आजीला फोन लावला. "आजी, मैं टीवी पे आने वाली हूँ! तू देखेगी ना?"

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघ्यांमुळे त्या घरातल्या घरात भिंत धरून चालत. शेजारच्या लग्नालाही गेल्या नव्हत्या. पण नातीचा फोन ठेवला आणि त्यांनी पिशवी भरली. "पोट्टीले नाचतानी एकडाव डोळे भरून पाहीन," त्या म्हणाल्या, "मंग हे गुडघे राहो का जावो." मैदानावरच्या गर्दीत, पायऱ्यांवर त्यांना नेणं शक्यच नव्हतं. म्हणजे नातीचा नाच त्यांना दिसणार होता तो फक्त माझ्या टीव्हीवर. माझ्या टीव्हीवर!

सोबत सासरे होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, आणि सासूबाईंना मामीजी. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी शिट्टी, लाल झेंडी आणि हिरवी झेंडी कायम त्यांच्या पिशवीत असत. (घरच्या लग्नांत वरात तेच सोडत.) आल्या आल्या त्यांनी चहा घेतला आणि टीव्हीसमोर बसले.

"जावईबापू, हे काय दिसून राहिलं?"

"बातम्या आहेत, मामाजी."

"मंग बातम्या सांगाले तीन बाया काहून?"

"एकच आहे. बाकीच्या दोघी तिच्याच आहेत."

मामाजी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे पाहिलं आणि सुनंदाने माझ्याकडे. शेवटी मी टीव्हीकडे पाहिलं, तर तिथल्या तिन्ही बाया माझ्याकडेच पाहत होत्या.

"नवा अँटेना घ्या लागते," मामाजी म्हणाले. "पण पारखून घेऊ. पोरीसाठी मी स्थळं पारखली तसं." (त्या पारखण्यातून शेवटी मी निघालो, हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे.)

मग अँटेना पाहण्याचे कार्यक्रम सुरू झाले. मामाजी पुढे, मी मागे. प्रत्येक मराठी घरी पोहे, मग चहा, मग टीव्ही लावून दाखवणं. मामाजी खुर्चीत ताठ बसून विचारत, "पाइप उंच आहे का? वाऱ्यावादळात कसा राहते? काही खोड?" घरची माणसं हात चोळत सांगत, "नाही जी, एकदम गरीब आहे. आज जराशी हवा खराब आहे म्हणून, नाहीतर..." आणि पडद्यावर मुंग्यांची जत्रा! तरी एकानेही आपल्या अँटेनाला नाव ठेवू दिलं नाही. आमचं लग्न ठरताना माझ्या घरच्यांनीही माझ्याबद्दल हेच सांगितलं होतं, अगदी हवेसकट.

शेवटी आम्ही साहूजींकडे गेलो. त्यांच्याकडे काडीएवढा अँटेना आणि चित्र असं स्वच्छ, की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले डूल मोजावेत!

"साहूजी, ये कैसे?" मी विचारलं.

"हव भैया, टावर डहर मुँह करे हे," साहूजी म्हणाले. टॉवरकडे तोंड केलंय, बस्स. वर सासूबाईंसाठी आग्रहसुद्धा केला. "माताजी ला इहें ले आवव. आराम से देखही."

बाहेर आल्यावर मामाजींनी निकाल दिला. "चित्र बरं आहे. पण अँटेनाचं तोंड चुकलं. मराठी कुठून येईन त्याले?"

"आणि मामीजींना इथे आणायचं?"

"मी जावयाच्या घरी पाहुणा आलो अन् टीव्ही पाहाले शेजाऱ्याच्या घरी जाऊ? लोक तुमाले काय म्हणतील?" माझ्या अब्रूची मामाजींना माझ्यापेक्षा जास्त काळजी होती.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "पोट्टी रायपूरले नाचणार नं? मंग अँटेना नागपूरकडे काहून?"

मामाजी हसले. "तुले त्यातलं काय समजते?"

मीही हसलो. सासरे हसले की जावयाने हसायचं असतं. सुनंदा हसली नाही, एवढं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोल बाजारात गेलो. भांड्याकुंड्यांच्या दुकानांतून पुढे सरकत एका टीव्ही-रेडिओवाल्याकडे पोचलो. "भैया, कितनी दूर का पकड़ना है?" त्याने विचारलं.

"नागपूर," मामाजी म्हणाले.

एखादा सज्जन दुकानदार असता तर त्याने आम्हाला पाणी पाजून परत पाठवलं असतं. याने आमच्याकडे नीट पाहिलं आणि आतून एक अँटेना काढला. काढत राहिला. तो संपेचना! दाराबाहेर पहिल्या काड्या आल्या तरी शेपूट अजून गोदामातच. "ये तो नागपुर क्या, पूना भी खींच लेगा," तो म्हणाला. पुणं ऐकून मामाजींचे डोळे चमकले. मी पुढचं टोक धरलं, त्यांनी मागचं, आणि आम्ही बाजारातून निघालो. कापडाच्या दुकानांपाशी मागून आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं, लोक आमचं कौतुक करताहेत. वळून पाहिलं तर आमच्या काड्यांना दोन साड्या आणि एक परकर अडकलेला, आणि त्यांच्या मागे दुकानदार पळतोय! मामाजींनी शिट्टी फुंकली. त्याने गर्दी बाजूला झाली, पण ती दुकानदारासाठी झाली आणि त्याने आम्हाला लगेच गाठलं.

अँटेना छतावर चढला. पाइप कठड्याला तारेने बांधला आणि तोंड नागपूरकडे केलं. आता तो बारीक बारीक फिरवून जमवायचा होता. मी छतावरून "आलं का?" आणि घरातून "गेलं!" असं ओरडणं मामाजींना मंजूर नव्हतं. "आपण काय खेड्यात राहतो?" ते म्हणाले. (आपण खेड्यातच राहत होतो.) त्यांनी पिशवीतून झेंड्या काढल्या. सासूबाईंची खुर्ची टीव्हीसमोर, खिडकीला लागून. चित्र पाहून त्यांनी खिडकीबाहेर झेंडी काढायची. मी कठड्यावरून वाकून ती पाहायची आणि त्याप्रमाणे अँटेना फिरवायचा.

सासूबाईंना एवढंच समजलं, की चांगलं दिसलं तर हिरवी, खराब दिसलं तर लाल. मला मामाजींनी वर येऊन वेगळी शिकवण दिली. "हिरवी म्हणजे चालू द्या. लाल म्हणजे थांबा. रेल्वेचा नियम आहे, त्यात बदल नाही."

शहाण्या वाचकाच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही! चित्र जरा बरं झालं की खालून हिरवी झेंडी यायची, की मी नियमाने अँटेना पुढे फिरवायचो. चित्र बिघडलं की लाल यायची, की मी नियमाने तिथेच थांबून तार आवळायचो. म्हणजे आख्ख्या आकाशातली सगळ्यांत खराब जागा शोधून आम्ही रोज त्या जागेला अँटेना पक्का बांधत होतो. खाली गेलो की बातम्यांची बाई आता चार झालेली असे. "अजून जराशी कसर आहे," मामाजी म्हणत, आणि मी पुन्हा वर.

मिलमधून आलो की छत, सुट्टी असली की छत. माझ्या मानेला वर पाहण्याची अशी सवय लागली, की ऑफिसात साहेब बोलत असताना मी पंख्याकडे पाहायचो. त्या दिवसांत मयूरी खाली मैत्रिणींना जमवून सराव करायची. आजीच्या खुर्चीभोवती त्या गोल गोल फिरायच्या, वाकून टाळ्या वाजवायच्या. (हे मला फार नंतर सुनंदाने सांगितलं.) मला वरून टाळ्या ऐकू यायच्या तेवढ्याच, आणि खरं सांगतो, मला एकदोनदा वाटलं की चित्र आलं म्हणून टाळ्या वाजताहेत.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सुनंदा मयूरीबरोबर मैदानावर जाणार होती आणि मी अँटेनाबरोबर छतावर. मयूरीने हिरवं लुगडं नेसलं होतं, हातभर बांगड्या घातल्या होत्या. दारात थांबून तिने विचारलं, "बाबा, आप देखोगे ना?"

"पाहीन म्हणजे काय! तुझ्यासाठीच तर हे सगळं चाललंय!"

ती उड्या मारत गेली. काल संध्याकाळी पडद्यावर माणूस आहे की झाड, हेही कळत नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. भाषणं झाली. प्रत्येक मंत्री स्वतःच्याच घोळक्यात उभा राहून बोलला. मग खालून सासूबाईंची हाक आली. "अजी, आता सुआ नाच आहे म्हणते! करा नं काहीतरी!"

मामाजी स्वतः छतावर आले. "पाइप जरासा वर घेऊ," ते म्हणाले. मी तार सैल केली. तेवढ्यात रस्त्यावरून लोखंड भरलेला ट्रक धडधडत गेला, घर हादरलं आणि पाइप माझ्या हातून निसटला. गोल बाजारचा तो पुण्यापर्यंत पोचणारा अँटेना कठड्यावरून खाली गेला, तारेला लटकला, गर्रकन फिरला आणि डोकं खाली, पाय वर करून थांबला. तोंड रायपूरच्या टॉवरकडे!

"मेलो!" मी म्हणालो.

"मेलो काय? उचला!" मामाजींनी पाइप धरला. मीही धरला.

तेवढ्यात खिडकीतून हिरवी झेंडी बाहेर आली. नुसती आली नाही, सटासट हलायला लागली. इतक्या जोरात सासूबाईंना मी हलताना कधी पाहिलं नव्हतं.

"मामाजी, हिरवी!"

"हिरवी म्हणजे चालू द्या! ओढा!"

आम्ही ओढायला लागलो. झेंडी आणखी जोरात हलली. आम्ही आणखी जोरात ओढलं! खालून सासूबाई काहीतरी ओरडत होत्या, पण मामाजींनी दम टिकावा म्हणून शिट्टी तोंडात धरली होती आणि ती प्रत्येक श्वासाला वाजत होती. घामाघूम होऊन आम्ही अँटेना वर आणला, उभा केला, त्याचं तोंड वळवून नागपूरकडे केलं. लगेच खिडकीतून लाल झेंडी आली.

"थांबा!" मामाजी म्हणाले. "बस. हीच जागा. आवळा तार."

मी तार आवळली. त्या आठवड्यातलं माझं सर्वांत पक्कं काम ते. मग आम्ही दोघं मोठ्या अभिमानाने खाली आलो.

सासूबाई खुर्चीत बसून रडत होत्या. समोर पडद्यावर मुंग्या.

"दिसली होती जी!" त्या म्हणाल्या. "माही पोट्टी दिसली होती! आरशावानी साफ! डोक्यावर टोपली घेऊन आली, टोपली खाली ठेवली, मान वर करून हासली... अन् गेली!"

"मंग हिरवी काहून दाखवली?" मामाजी ओरडले.

"दिसली म्हणून!"

"दिसली तं लाल दाखवा लागते! थांबा म्हणून!"

"चांगलं दिसल्यावर लाल कोण दाखवते, बाप्पा?"

उभ्या आयुष्यात मामाजींच्या झेंडीने एक गाडी चुकली नव्हती. ते खाली बसले आणि दोन्ही झेंड्यांच्या घड्या घालायला लागले, पण त्यांना घडी जमेना. मी टीव्हीच्या बाजूला थाप मारली. टाळ्यांचा आवाज तेवढा साफ येत होता. माझी मुलगी त्या मुंग्यांच्या पलीकडे कुठेतरी नाचत होती, आणि मी तिच्यापासून एका काचेच्या अंतरावर उभा होतो. मला फार वाईट वाटलं.

"पोट्टीले काही सांगू नका," सासूबाईंनी डोळे पुसत बजावलं. "सगळं दिसलं म्हणा. तिचं मन मोडीन."

मयूरी आली ती नाचतच आली. सुनंदा मागून. "बाबा, मैं दिखी?"

"दिसली म्हणजे काय! एकदम साफ!"

"सच्ची?"

"मग! डोक्यावर टोपली घेऊन आलीस, टोपली खाली ठेवलीस, मान वर करून हसलीस!"

तिचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, इथे थांबावं. शहाणा माणूस थांबला असता. पण तिने विचारलं, "और फिर?"

"मग? मग तर काय विचारूच नको! तू पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध!"

मयूरीच्या मागे सासूबाईंनी मामाजींच्या मांडीवरची लाल झेंडी ओढून घेतली आणि डोक्यावर धरून हलवायला लागल्या. त्या आठवड्यातली ती एकच झेंडी मला पहिल्या झटक्यात समजली. पण माझी गाडी आता वेगात होती.

"आणि रांग तर काय सरळ होती तुमची! दोरी लावल्यासारखी! सगळे म्हणत होते, रांग पाहावी तर या शाळेची!"

मयूरीने माझ्याकडे पाहिलं. मग आजीकडे, मग त्या झेंडीकडे. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, सुआ में लाइन नहीं होती. गोल घूमते हैं."

सुनंदाने मयूरीला आजीच्या खुर्चीपाशी नेलं. "आजीला इथेच करून दाखव," ती म्हणाली, आणि मयूरी खुर्चीभोवती टाळ्या वाजवत फिरायला लागली. सासूबाई एवढ्याशा जागेत मान वळवून वळवून पाहत होत्या. मामाजी हळूच उठले आणि जिना चढायला लागले. त्यांच्यामागे मीही निघालो. घरात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, आणि छतावर निदान ते नागपूरकडे करून बसता येत होतं.